कारणाचा रकाना

कारखान्यात कुणाला दुखापत झाली की एक छापील फॉर्म भरला जातो. नाव, खातं, पाळी, वेळ, जागा, कुठल्या अवयवाला इजा, कुणी पाहिलं आणि अपघाताचं कारण. हे रकाने एका दिवसात आखले गेले नाहीत. त्यांच्यामागे पावणेदोनशे वर्षांची भांडणं आहेत, आणि कारणाच्या रकान्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही.

मूळ शोधायचं तर इंग्लंडातल्या कापडगिरण्यांत जावं लागतं. 1844 च्या कारखाने कायद्याने तिथे यंत्रांना संरक्षक कठडे बसवायला लावले आणि अपघात कळवणं सक्तीचं केलं. पण कळवण्याजोगा अपघात कोणता? खरचटणं, कापणं तर रोजचंच. कायद्याने घड्याळ लावलं. जखमी माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी 9 च्या आत कामावर येऊ शकत नसेल, तर 24 तासांत लेखी खबर द्यायची. ही खबर जायची गिरणीतल्या मुलांच्या वयाचे दाखले देणाऱ्या सर्जनकडे. त्याने जागेवर जाऊन इजा किती आणि कशामुळे हे पाहायचं आणि पुढच्या 24 तासांत इन्स्पेक्टरला अहवाल पाठवायचा. म्हणजे ‘कशामुळे’ हा प्रश्न पहिल्यापासूनच होता. फक्त तो मालकाला नव्हे, डॉक्टरला विचारलेला होता.

दुसरी शाखा रेल्वेची. ऑगस्ट 1840 मध्ये यॉर्कशरमधल्या हाउडनजवळ धावत्या गाडीवरून ओतीव लोखंडाचा अवजड तुकडा रुळावर पडला, डबे घसरले आणि 5 माणसं गेली. ब्रिटनच्या नव्या रेल्वे निरीक्षकांनी तपासलेला हा पहिला अपघात. निरीक्षक लष्करी इंजिनियर होते. शिक्षा देणं त्यांच्या हाती नव्हतं; पाहायचं, मोजायचं आणि शिफारस करायची. रुळाची स्थिती, सिग्नल, वेग, ब्रेक अशा क्रमाने लिहायची शिस्त या अहवालांतून मुरली.

हिंदुस्थानात हे लोण आलं ते मुंबईच्या गिरण्यांमुळे. 1854 मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीची सुरुवात केली. सत्तावीस वर्षांनी, 1881 मध्ये, पहिला कारखाने कायदा झाला. शंभर आणि त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांना त्याने धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण आणि अपघाताची खबर बंधनकारक केली. पण खबर गेली म्हणून कामगाराला काय मिळत होतं? हा सवाल 1884 मध्ये कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे आणला. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्यांबरोबर एक मागणी अशी होती की, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पुरा पगार द्यावा आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. रविवारची सुट्टी सगळ्यांना ठाऊक आहे; ही मागणी मात्र विस्मरणात गेली.

तिला कायद्याचं रूप मिळायला 1923 उजाडलं. त्या वर्षी कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला, 1 जुलै 1924 पासून तो लागू झाला, आणि कारणाच्या रकान्याला एकाएकी पैशाचं वजन आलं. कारण कायद्यात अपवाद होते: कामगार नशेत असेल, सुरक्षेचा नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल किंवा यंत्राचा गार्ड मुद्दाम काढला असेल, तर भरपाईवर गदा.

आता साचेखात्यातल्या अपघाताची ही दोन वाक्यं पाहा. ‘कामगाराने गार्ड काढल्यामुळे पट्ट्यात हात अडकला.’ आणि ‘हात अडकला तेव्हा पट्ट्यावर गार्ड नव्हता.’ पहिल्या वाक्याने आरोपी ठरवला. दुसऱ्याने डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगितलं आणि पुढचे प्रश्न उघडे ठेवले: गार्ड कधीपासून नव्हता, कुणी काढला, जॉबरला म्हणजे मुकादमाला माहीत होतं का, गार्ड लावून उत्पादन निघत होतं का?

पण फॉर्म बहुधा मुकादमाच्याच हातात, आणि अशाच नोंदींवरून मग आकडेवारी निघते. 1931 मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी 75 हजार अपघातांच्या नोंदी चाळून मांडलं की 88 टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्याने होतात. आकडा जगभर गाजला. टीकाकारांनी नंतर बोट ठेवलं ते मुळावर: नोंदी विम्याच्या फायलींतल्या आणि मालकांच्या दप्तरांतल्या. जखमी माणसाची बाजू त्यांत कितीशी असणार?

भारतात 1948 च्या कारखाने कायद्याची कसोटी 48 तासांची होती: तेवढा वेळ कामगार कामावर येऊ शकला नाही तर नोटीस. 1976 च्या दुरुस्तीने, कुणाला इजा झाली नाही तरी धोकादायक घटना कळवायची सोय केली. त्याच वर्षी अमेरिकेत वैमानिकांसाठी वेगळा प्रयोग सुरू झाला. 1974 च्या डिसेंबरात डलस विमानतळाकडे येणारं एक विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळून 92 जण ठार झाले होते. त्याआधी सहा आठवडे दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच संकटातून थोडक्यात वाचलं होतं; पण ती हकिकत त्या कंपनीबाहेर गेली नव्हती. शिक्षा करणाऱ्या खात्याकडे वैमानिक चूक कबूल करीनात, म्हणून अहवाल घेण्याचं काम नासाकडे दिलं गेलं आणि लिहिणाऱ्याचं नाव काढून टाकायची पद्धत पडली. मग अहवालांचा ओघ लागला.

या सगळ्या खटाटोपातून निघालेला धडा साधा आहे. घटना पाहणाऱ्याने वेळ, जागा, यंत्राची अवस्था आणि केलेले उपाय लिहावेत. दोष ठरवणं दुसऱ्यावर सोपवावं. ‘निष्काळजीपणा’ लिहून रकाना भरतो आणि चौकशी तिथेच संपते. गार्ड मात्र उद्याच्या पाळीलाही नसतोच.