चिंचोक्याची खळ आणि १९४३ साल

१/
लोकरीचा ताणा मागावर चढण्यापूर्वी घोंगडी विणणारे सणगर त्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भिजवून, वाटून पाण्यात शिजवले की दाट, चिकट लगदा होतो. तो कुंच्याने उभ्या धाग्यांवर फिरवतात. वाळल्यावर लोकरीचे सुटे तंतू दबून बसतात आणि धागा ताठ होतो. सावंतवाडीच्या गंजिफांनाही चिंचोक्याचाच लेप. या साध्या पदार्थाला दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचे दार उघडले.

२/
मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांनाही खळ लागेच. यंत्रमागाचे हिसके सोसायचे तर धाग्याला आवरण हवे. मात्र ती खळ प्रामुख्याने स्टार्चची असे, आणि स्टार्च येतो मका, तांदूळ, बटाटा, टॅपिओका यांतून. कढीला डाळीचे पीठ लावतो तेव्हा जे घडते तेच येथेही घडते: तापलेल्या पाण्यात स्टार्चचे कण फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. म्हणजे प्रत्येक ताग्यात थोडे अन्न मुरलेले असे. एरवी त्याची दखल कोण घेणार?

३/
मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. (त्याचे कारण एवढेच नव्हे, युद्धकालीन धोरणे, भाववाढ आणि साठेबाजी हा स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे.) अशा काळात कापडासाठी स्टार्च आणायचा कोठून?

४/
१९४२ मध्येच घोष आणि कृष्णा या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, टरफल काढलेल्या चिंचोक्यात ४६ ते ४८ टक्के जेली धरणारे द्रव्य असते. मुंबईत सावूर यांनी ते शुद्ध करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. त्या द्रव्याचे नाव ‘जेलोज’. फळांतील पेक्टिनची जेली धरायला सहसा साखरेबरोबर आंबटपणाही लागतो, याला आम्लावाचून चालते. त्यालाही आरंभी पेक्टिनच म्हटले गेले. पुढे ते झायलोग्लुकन हे निराळे द्रव्य ठरले. १९४३ पासून चिंचोक्याची पूड स्टार्चऐवजी गिरण्यांच्या खळीसाठी व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागली.

५/
याला ‘शोध’ म्हणताना मी थोडा अडखळतो. रेणूची ओळख प्रयोगशाळेने पटवली, हे श्रेय तिचेच. पण चिंचोका धाग्याला धरतो, हे सणगरांच्या घरात आधीपासून ठाऊक होते. शिवाय तो निव्वळ टाकाऊही नव्हता: टंचाईत गोरगरीब चिंचोके भाजून, उकडून खात. तेव्हा ‘धान्य वाचवणारा पर्याय’ हे वर्णन गिरणीच्या बाजूने पाहिले तरच पूर्ण खरे ठरते.

६/
युद्धानंतरही चिंचोक्याची पूड कापड आणि तागाच्या उद्योगात टिकली. जपानने तिच्यातील शुद्ध डिंक सॉस आणि आइस्क्रीम दाट करण्यासाठी वापरात आणला. घोंगडीच्या ताण्याला मात्र अजूनही तीच शिजवलेली खळ लागते.