एका नामंजूर अर्जाची हकीकत

'नामंजूर' हा शब्द सरकारी दप्तरात आयुष्य काढणाऱ्यांना नवा नाही. बदलीची विनंती, बढतीचा हक्क, मुलाचा कॉलेजप्रवेश, यांपैकी कशावर तरी तो शेरा प्रत्येकाने वाचलेला असतो. आणि आपल्यापैकी पुष्कळांनी तो दुसऱ्याच्या अर्जावर लिहिलेलाही असतो. नकारापासून माणूस शिकतो, असे आपण एकमेकांना समजुतीदाखल सांगतो. परंतु तो नेमके काय शिकतो, आणि प्रत्येक नकारात शिकण्याजोगे काही असते काय, याचा विचार क्वचितच होतो. तो करावयाचा तर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ साली एका मराठी मुलीच्या अर्जाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

ही संस्था, म्हणजे जुन्या लोकांची 'टाटा इन्स्टिट्यूट', स्वतःही उपेक्षेच्या वाटेनेच जन्मास आली. जमशेटजी टाटांच्या योजनेचा मसुदा १८९८ च्या अखेरीस लॉर्ड कर्झन यांच्यापुढे ठेवण्यात आला, तेव्हा त्यांनी शंकाच अधिक काढल्या. एवढ्या उच्च शिक्षणाला लायक विद्यार्थी या देशात मिळतील काय, आणि मिळाले तरी त्यांना पुढे काम कोठे मिळणार, असा त्या शंकांचा रोख होता. योजना रेंगाळली, १९०४ साली जमशेटजी निवर्तले. अखेर म्हैसूर दरबाराने दिलेल्या विस्तीर्ण जागेवर १९०९ साली संस्थेची स्थापना झाली आणि १९११ साली पहिले विद्यार्थी आले. पुढे या संस्थेत शिकून बाहेर पडलेल्या रसायनशास्त्रज्ञांत नारायणराव आणि माधवराव भागवत हे दोघे बंधूही होते.

नारायणरावांची कन्या कमला ही दुर्गाबाई भागवत यांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन तिने १९३३ साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली, आणि वडील व काका जेथे शिकले त्याच संस्थेकडे तिने प्रवेशासाठी अर्ज केला. त्याच वर्षी चंद्रशेखर व्यंकट रामन हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. नोबेल पारितोषिकाला तीनच वर्षे झालेली. त्यांच्या शब्दाला देशभर वजन. त्यांनी अर्ज नाकारला. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण होते.

या ठिकाणी कमलाबाईंनी जे केले ते महत्त्वाचे आहे. घरी बसून स्वतःच्या योग्यतेविषयी संशय घेण्याऐवजी त्या बेंगळुरूस जाऊन नकाराचे कारण विचारू लागल्या. गुणांत कमी असेन तर दाखवून द्या, नसेन तर प्रवेश द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्रवेश मिळेपर्यंत कचेरीसमोर सत्याग्रह करण्याचा निर्धारही त्यांनी बोलून दाखविला. दांडीयात्रेला तेव्हा तीनच वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दाचे बळ कळते. मोघम नकाराला कारण विचारले की त्याला उत्तर द्यावे लागते, आणि येथे ते अटींच्या रूपाने मिळाले. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना होणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये.

शेवटची अट तर उघड अपमानाची होती. कमलाबाईंनी तो अपमान ओळखला आणि तरीही अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष संपताना रामन यांचे समाधान झाले आणि त्यांना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी त्यांनी १९३६ साली मिळविली. पुढे केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात राहून त्यांनी बटाट्यातील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर संशोधन केले आणि १९३९ साली डॉक्टरेट संपादन केली. त्या केंब्रिजनेही स्त्रियांना विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व १९४८ पर्यंत दिले नव्हते. तेव्हा हा दोष केवळ बेंगळुरूचा मानण्याचे कारण नाही.

स्वदेशी परतल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ च्या विवाहानंतर मुंबई, अशी त्यांची कारकीर्द झाली. कमला सोहोनी या नावाने त्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक झाल्या. नीरेच्या पोषणमूल्यांवरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. संचालकपद मात्र त्यांच्या वाट्यास उशिराच आले. १९३३ च्या त्या वागणुकीचा अपमान आपण विसरू शकलो नाही, असे त्यांनी उतारवयातही स्पष्टपणे सांगितले. यशस्वी माणसे मागे वळून नकाराचे आभार मानतात. कमलाबाईंनी तसे केले नाही. काम करून दाखविणे निराळे आणि अन्यायाला उपकार म्हणणे निराळे, हा विवेक त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

मग या नकारातून शिकले कोण? कमलाबाईंना आपली बुद्धी आधीच ठाऊक होती. शिकावयाचे होते ते संस्थेला, आणि त्यानंतर तेथे स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. स्वतः रामन यांनाही नकाराची चव घ्यावी लागली. संस्थेच्या कारभाराची समितीकडून तपासणी झाल्यावर १९३७ साली त्यांना संचालकपद सोडावे लागले. तरी त्यांनी पदार्थविज्ञानाचे अध्यापन व संशोधन चालूच ठेवले.

धडा पुरा उतरला असे मात्र म्हणता येत नाही. १९४० साली रामन यांच्याच प्रयोगशाळेत आलेल्या त्रावणकोरच्या ॲना मणी यांनी हिऱ्यांच्या प्रकाशगुणांवर एकटीच्या नावाने पाच निबंध प्रसिद्ध केले आणि १९४५ साली मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. एम.एस्सी. पदवी नाही, या कारणावरून विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. त्या हवामानशास्त्राच्या उपकरणांकडे वळल्या आणि १९४८ पासून पुण्याच्या वेधशाळेत राहून त्यांनी भारतीय बनावटीच्या उपकरणांचा पाया घातला. त्यांच्या बाबतीत कारण तरी लेखी होते. परंतु नियम पाळताना समोरचे काम पाहावयाचे राहून गेले.

या दोघींच्या हकीकतीवरून एक भेद लक्षात येतो. नकाराचे कारण आपल्या कामात असेल तर तो नकार घरी नेऊन अभ्यासावा. त्याच्याइतका स्पष्टवक्ता परीक्षक मिळणे कठीण. कारण आपल्या जन्मात असेल, किंवा कारण सांगितलेच जात नसेल, तर स्वतःला कमी लेखण्याचे प्रयोजन नाही. ते कारण विचारावे, आणि फट मिळेल तेथून काम पुढे न्यावे. परमुलुखात नोकरी करणाऱ्या आपल्याला हा भेद विशेष उपयोगी आहे, कारण आपल्या अर्जावरील शेऱ्यात आपली योग्यता किती आणि आपले परकेपण किती, हे पुष्कळदा कळत नाही.

आणि लेखणी जेव्हा आपल्या हाती असेल तेव्हा 'नामंजूर' या शब्दापुढे कारणाची एक ओळ लिहावी. ती लिहिता येत नसेल, तर अर्ज पुन्हा एकदा वाचावा.