आधी मतदार, मग नागरिक

दुधनीची एखादी मुलगी शिकायला लंडनला गेली, तर भारतीय पासपोर्टवरच तिथल्या मतदारयादीत नाव नोंदवू शकते. कौन्सिलच्या निवडणुकीला मत देता येतं आणि पार्लमेंटच्याही. भारत राष्ट्रकुलात आहे, एवढं कारण पुरतं. उलट एखादा इंग्रज दुधनीत घर करून वीस वर्षं राहिला, तरी तो ब्रिटिश नागरिक आहे तोवर त्याला नगरपरिषदेला मत नाही. आपल्याकडे नगरपरिषदेची यादी विधानसभेच्या यादीवरून बनते, आणि लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 चं कलम 16 म्हणतं की जो भारताचा नागरिक नाही, त्याचं नाव यादीत येणार नाही.

हे इतकं उघड वाटतं की कायम असंच असणार असं आपण धरून चालतो. पण पहिल्या यादीच्या वेळी क्रम उलटा होता.

8 मार्च 1948 रोजी अक्कलकोट संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. दुधनीहून थोडं पूर्वेला गेलं की निजामाचं राज्य लागे. तिकडून रझाकारांच्या भीतीने कुटुंबं सोलापूरच्या बाजूला येत होती. त्याच मार्चमध्ये संविधान सभेच्या सचिवालयाने देशभर कळवलं : प्रौढ मताधिकारावर निवडणूक होणार, याद्यांच्या तयारीला लागा. 1 जानेवारी 1949 ला वय 21 पूर्ण हवं, आणि 31 मार्च 1948 ला संपणाऱ्या वर्षात त्या जागी 180 दिवस वास्तव्य हवं.

फाळणीत घरदार सोडून आलेला माणूस 180 दिवस कुठून दाखवणार? कल्याणच्या लष्करी छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, सिंधमधून आलेली हजारो माणसं होती. सचिवालयाने मार्ग काढला. निर्वासिताने ‘मी याच गावात कायमचा राहणार आहे’ असं निवेदन दिलं की नाव घ्यायचं. किती दिवस राहिला ते मोजायचं नाही.

आता तारखा बघा. भारताचा नागरिक कोण, हे तेव्हा कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. नागरिकत्वाची कलमं लागू झाली 26 नोव्हेंबर 1949 ला. त्यात 19 जुलै 1948 नंतर पाकिस्तानातून आलेल्यांना अधिकाऱ्याकडे नोंदणीची अट आली. म्हणजे माणूस आधी यादीत, नागरिक नंतर.

हे सगळीकडे सुरळीत झालं नाही. आसाममध्ये अधिकाऱ्यांनी या लोकांना ‘तरती लोकसंख्या’ म्हणून बाहेर ठेवायचा प्रयत्न केला. निर्वासितांच्या संघटनांनी थेट दिल्लीला पत्रं लिहिली, आणि सचिवालयातल्या अधिकाऱ्यांनी ती वाचून प्रांतांकडे खुलासे मागितले. मला या कहाणीत सगळ्यात आवडतो तो हा पत्रव्यवहार. अजून मतदार नसलेली माणसं यादीच्या नियमावर बोट ठेवून भांडत होती.

निजामाच्या हद्दीतून आलेल्यांपैकी बरेचजण सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर घरी परतले. आज तिथूनच, कलबुर्गी जिल्ह्यातून, कुणी दुधनीत राहायला आलं तर फॉर्म 8 भरायचा, पत्त्याचा पुरावा जोडायचा, आणि बीएलओ दारात कधी येतो याची वाट बघायची.