व्होल्गा-डॉन : कालवा कोणी खणला?

आपल्याकडे नदीजोडाची चर्चा निघाली की लांबी, खर्च आणि पाणी यांचे हिशेब मांडले जातात. रशियातील व्होल्गा-डॉन कालव्याचा इतिहास मी वाचायला घेतला तो अशाच आकड्यांसाठी. हाती मात्र वेगळाच हिशेब लागला.

आजच्या व्होल्गोग्राडजवळ या दोन नद्या अगदी जवळ येतात आणि पुन्हा दुरावतात. डॉन अझोवच्या समुद्राला मिळते, व्होल्गा कॅस्पियनला. कॅस्पियनला बाहेर वाट नाही. म्हणूनच हे अंतर मिटवण्याचा मोह राज्यकर्त्यांना पडत आला. १५६९ मध्ये आस्त्राखानच्या मोहिमेत उस्मानी तुर्कांनी खोदकाम सुरू केले आणि सोडून दिले. अझोव जिंकल्यावर पीटर द ग्रेटने हेच काम हाती घेतले. त्यासाठी १६९८ मध्ये जॉन पेरी हा इंग्रज अभियंता आणला. पण स्वीडनशी युद्ध पेटले आणि काम थांबले. पेरीचा पगारही थकला. मायदेशी परतल्यावर आपल्या पुस्तकात त्याने ही तक्रार नोंदवून ठेवली.

कालवा पुरा झाला तो स्टालिनच्या काळात. २७ जुलै १९५२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. लांबी १०१ किलोमीटर. वाटेत १३ जलपाश आहेत. दारे बंद करून आत पाणी भरायचे किंवा सोडायचे, तसे जहाज चढते किंवा उतरते. व्होल्गेकडून नऊ पायऱ्यांत जहाज ८८ मीटर चढते आणि चार पायऱ्यांत ४४ मीटर उतरून डॉनला येते. माथ्यावरच्या भागासाठी डॉनचे पाणी पंपांनी वर चढवावे लागते.

सरकारी गौरवात अजस्र यंत्रे होती. संगीतकार प्रोकोफिएव्हने या मीलनावर वाद्यवृंदासाठी रचनाही केली. या गौरवात नव्हते ते लाखाहून अधिक कैदी. गुलागमधून आणलेली ही माणसे आणि जर्मन युद्धकैदी इथे राबले होते.

कालव्याच्या व्होल्गेकडील मुखाशी स्टालिनचा प्रचंड पुतळा उभारला गेला. पुढे तो उतरवला आणि १९७३ मध्ये त्याच जागी लेनिन आला. सत्तेने आपली चूक दुरुस्त केली, ती एवढीच.

कालवा चालतो आहे; अभियंत्यांचे कौशल्यही खोटे नव्हते. पण पेरीला निदान आपला थकलेला पगार लिहून ठेवता आला. त्या कैद्यांना तेवढीही मुभा नव्हती. म्हणून आता कोणत्याही कालव्याची लांबी वाचली, की तो कोणी खणला, हे मी आधी शोधतो.