जालन्याची लूट आणि खांदेरीचे बेट

जालन्याच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, हे पाहून कोकणातला वाचक गालातल्या गालात हसेल. आमची कुंडलिका पावसाळ्यात काय वाहील तेवढीच. आणि तिचे पाणीही दुधना, पूर्णा, गोदावरी अशी वळणे घेत पूर्व समुद्राला जाते. पश्चिम समुद्राशी आमच्या पाण्याचेसुद्धा नाते नाही. पण गंमत अशी की, १६७९ या एकाच वर्षी आमचे गाव आणि मुंबईच्या दक्षिणेकडचे एक ओसाड बेट, दोन्ही शिवछत्रपतींच्या चरित्रात जवळजवळ हातात हात घालून येतात.

ते बेट म्हणजे खांदेरी. अलिबागजवळच्या थळ गावासमोर, मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांच्या वाटेवरच. १६७२ मध्येच महाराजांची त्याच्यावर नजर गेली होती. पण इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी, दोघांनीही विघ्ने आणली, आणि काम राहिले. मग १६७९ च्या ऑगस्टात, पावसाळा सरतो न सरतो तोच, मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले. इंग्रजांनी निरोप पाठवला, बेट आमचे आहे, निघून जा. मायनाकाचे उत्तर सरळ होते: धन्याचा हुकूम आल्याशिवाय हलणार नाही.

सप्टेंबरात इंग्रजांनी वेढा घातला. बेटावर उतरू पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. तरी काम थांबेना. कारण रात्र पडली की किनाऱ्यावरून मराठ्यांच्या लहान, उथळ होड्या दाणागोटा आणि सामान घेऊन निघत. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजे जागच्या जागी खिळत. होड्यांना वारा नसला तरी वल्ही होती. १८ ऑक्टोबरला दौलतखान साठेक गलबते घेऊन इंग्रजांच्या आठ जहाजांवर चालून गेला. ‘डव्ह’ नावाचे जहाज निशाण उतरवून मराठ्यांच्या हाती आले. पण ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज एकटेच झुंजत राहिले. त्यावर कॅप्टन मिंचिन आणि केग्विन होते. त्याच्या तोफांपुढे आपल्या आरमाराला माघार घ्यावी लागली, हेही सांगितलेच पाहिजे. मात्र लढाई इंग्रजांनी मारली, तरी बेट मायनाकाकडेच राहिले!

युरोपातले हौशी लोक चार-सहा जणांचे टोळके जमवून शिडाची नौका भाड्याने घेतात आणि भूमध्य समुद्रात माल्टा, ऱ्होड्स अशी जुनी बेटे पाहत हिंडतात. माल्टाच्या नाइटांनी १५६५ मध्ये तुर्कांच्या प्रचंड आरमाराला दाद दिली नाही, ती कथा तिथे दगडादगडाला चिकटलेली आहे. आपल्याला एवढे लांब कशाला जायला हवे? दिवाळीच्या सुटीत समुद्र शांत असतो. थळच्या एखाद्या नाखव्याला गाठावे आणि होडीतून खांदेरीला जावे. तट शाबूत आहे, चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा आहेत, १८६७ चा दीपस्तंभ आहे. कोळी बांधवांचा वेताळ आहे, आणि ठोकला की धातूसारखा वाजणारा एक दगडही आहे. मुलांना त्या दगडापासून ओढून काढावे लागते! २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरी आहे. तटावरून शेजारची उंदेरी दिसते आणि पलीकडे थळचा किनारा. मायनाकाच्या होड्या अंधारात किती थोडे अंतर तोडत होत्या आणि तेवढ्यासाठी किती जीव धोक्यात घालत होत्या, हे तिथे उभे राहिल्यावर उमगते.

त्या वर्षी दिवाळी आली ती या लढाईनंतर, आणि ती होऊन काही दिवस जातात न जातात तोच महाराज आमच्या गावावर आले. दिलेरखान विजापूरला भिडला होता. त्याला मागे खेचायचे तर मोगली मुलूख मारायचा, हा हिशेब. जालना म्हणजे श्रीमंत पेठ, आणि तिला तटाचा आधार नाही. नोव्हेंबरच्या मध्याला चार दिवस लूट चालली. सावकारांनी दागदागिन्यांसह सय्यद जान महंमद या साधूच्या तकियाचा आसरा घेतला. साधुसंतांच्या जागांना महाराज धक्का लावीत नाहीत, हा लौकिक त्यांच्याही कानी होताच. मोगलांच्या बाजूचे इतिहासकार लिहितात की, या वेळी शिपाई आत शिरले, साधूने शाप दिला, आणि म्हणून पुढच्या एप्रिलात महाराज गेले.

शापाची गोष्ट मला पटत नाही. शिवचरित्राच्या शेवटच्या वर्षातली दुखणी पुष्कळ होती. संभाजीराजे तर तेव्हा दिलेरखानाच्या गोटात होते. पण लुटीची गोष्ट झाकून ठेवावी असेही मला वाटत नाही. खांदेरीच्या तटावर आम्हा जालनेकरांची छाती फुगते, ती फुगावीच. मात्र त्याच हंगामात ज्यांच्या घरांची दारे फुटली, ते आमच्याच गावचे होते. शाळेच्या पुस्तकात ‘जालना लुटले’ या दोन शब्दांत ते चार दिवस संपतात.

परतीची वाट सोपी नव्हती. संगमनेरजवळ रणमस्तखानाने गाठले. सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाइकाने आडवाटांनी तीन दिवस-रात्र चालवून महाराजांना पट्टा किल्ल्यावर नेले. तिथे जरा विसावा मिळाला, म्हणून त्याचे नाव विश्रामगड. इकडे जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने उंदेरी बळकावली आणि ती घ्यायला गेलेला दौलतखान जखमी झाला. त्याच महिन्यात इंग्रजांनी तह करून आपली जहाजे काढून घेतली, आणि खांदेरीवर तटाचे पुढचे थर चढू लागले.