गामा पैलवान सर्वांना आपला का वाटला?

वाचकहो, ‘गामा’ हे नाव ठाऊक नाही असे घर आपल्यात क्वचितच सापडेल. अंगाने थोराड नातवाला आजी कौतुकाने ‘आमचा गामा’ म्हणते. आणि काडीसारख्या पोराने दंड फुगवून दाखवला, की ‘आला मोठा गामा’ म्हणून घरचे हसतात. या माणसाला जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. त्याची कुस्ती डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता भेटणे कठीण. तरीही त्याचे नाव बोलीत असे रुजून राहावे, याचे कारण काय? केवळ ताकद म्हणावी, तर त्या काळी ताकदवान मल्ल गावोगाव होते. त्यांतील बहुतेकांची नावे त्यांच्याबरोबरच मातीत गेली. मग गामाच का उरला? या प्रश्नाचा आपण येथे थोडा विचार करू.

गामाचे पूर्ण नाव गुलाम मुहम्मद बक्ष. घराणे मूळचे काश्मिरी, पंजाबात स्थायिक झालेले आणि पिढीजात पैलवानांचे. त्याचा जन्म १८७८ च्या सुमाराचा. वडील अजीज बक्ष हेही नावाजलेले पैलवान. परंतु मुलगा पाच-सहा वर्षांचा असतानाच ते वारले. मग आजोबा नून पैलवान आणि त्यांच्यानंतर ईदा पैलवान यांनी या पोरक्या मुलाला वाढवले. १८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची मोठी स्पर्धा भरवली होती. तीत चारशेच्या वर मल्ल उतरले आणि दहा वर्षांचा गामा शेवटच्या पंधरांपर्यंत टिकला, असे सांगतात. पुढे दतिया संस्थानाने त्याला पदरी ठेवले आणि त्याच्या खुराकाची व मेहनतीची सोय झाली.

विद्यार्थी मित्रांनो, गामाविषयी ऐकलेल्या गोष्टी आणि घडलेला इतिहास यांत आपण फरक केला पाहिजे. बडोद्याच्या संग्रहालयात एक मोठा दगड ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामाने तो उचलला असे म्हणतात आणि त्याचे वजन १२०० किलो सांगतात. आता तुम्हीच हिशेब करा. आजचे जगातील बलाढ्यांत बलाढ्य पुरुष जमिनीवरून गुडघ्यापलीकडे उचलतात ते वजन पाचशे किलोंच्या आसपास असते. मग बाराशे किलोंचा दगड छातीशी कसा येईल? याउलट पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात बैठका मारताना तो वापरत असे ते ९५ किलोंचे कडे आहे. हा आकडा बुद्धीला पटतो आणि तरीही छाती दडपून टाकतो. मात्र दंतकथेलाही एक अर्थ असतो. ज्याच्यावर लोकांचा जीव जडतो, त्याच्याच दगडाचे वजन वाढत जाते! तेव्हा आपला प्रश्न असा, की लोकांचा जीव जडला कशामुळे? त्यासाठी नोंदींकडे वळू.

१९१० साली, बंगालमधील एका धनिकाच्या मदतीने, गामा, त्याचा धाकटा भाऊ इमाम बक्ष आणि आणखी दोन पैलवान लंडनला गेले. बेंजामिन नावाचा व्यवस्थापक बरोबर होता. लंडनमध्ये तेव्हा व्यावसायिक कुस्तीचा मोठा बोलबाला होता. नाट्यगृहांतून कुस्त्या होत आणि लोक तिकिटे काढून पाहत. पण त्यांतील कित्येक कुस्त्या आतून ठरलेल्या असतात, असा संशयही प्रेक्षकांच्या मनात घर करून होता. गामाची उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर. धिप्पाड युरोपियन मल्लांपुढे हा बुटका हिंदी माणूस काय करणार, म्हणून प्रथम कोणी त्याला दाद देईना. तेव्हा गामाच्या बाजूने जाहीर आव्हान देण्यात आले : कोणत्याही वजनाचे कोणतेही तीन मल्ल पाठवा, तिघांनाही अर्ध्या तासात आपटतो!

प्रारंभी लोकांना ही बढाई वाटली. पण ८ ऑगस्ट १९१० रोजी अलहम्ब्रा नाट्यगृहात अमेरिकेचा डॉक्टर रोलर गामापुढे उभा राहिला. पहिल्या खेपेला दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्या खेपेला सुमारे नऊ मिनिटांत गामाने त्याला चीत केले. पुढे इमाम बक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला दोन्ही खेपा मिळून पाच मिनिटांच्या आत लोळवले. आता मात्र लंडनकरांचे डोळे उघडले.

१० सप्टेंबर १९१० रोजी लंडनच्या स्टेडियममध्ये पोलंडचा नामांकित मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को गामासमोर आला. आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी असलेला ‘झिबिस्को’ तो हाच. वजनाने तो गामापेक्षा पुष्कळच भारी. अडीचशे पौंडांचे बक्षीस आणि ‘जॉन बुल’ पट्टा पणाला लागला होता. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतले. त्यानंतर झिबिस्कोने चटईला जी मिठी मारली, ती अडीच तास उलटून गेले तरी सोडली नाही! गामा डाव टाकत होता, ओढत होता. पण अंग चोरून पालथ्या पडलेल्या त्या भारी मल्लाला उलटवता येईना. अखेर कुस्ती निकाली न होता थांबवावी लागली. पुन्हा १७ सप्टेंबरचा दिवस ठरला. त्या दिवशी गामा हजर होता, झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला आणि लोक त्याला ‘रुस्तम-ए-जमाना’ म्हणू लागले. जॉर्ज हॅकेनश्मिट आणि फ्रँक गॉच हे त्या काळचे दोन जगज्जेते गामासमोर कधी उभे राहिले नाहीत.

वाचकहो, या कुस्त्यांचे मोल कळण्यासाठी तो काळ डोळ्यांसमोर आणला पाहिजे. राज्य इंग्रजांचे. हिंदी माणूस दुबळा, भित्रा, स्वतःचा कारभार सांभाळायला नालायक, असे पुस्तकांतून आणि कचेऱ्यांतून बिनदिक्कत सांगितले जाई. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ पेटली होती. त्याच १९१० च्या जुलैत अमेरिकेत जॅक जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्याने गोऱ्या जेफ्रीजला हरवले, तर तेथे दंगली उसळल्या आणि त्या लढतीचा चित्रपट दाखवायला ठिकठिकाणी बंदी झाली. म्हणजे आखाड्यातली हारजीत ही नुसती दोन माणसांची राहिली नव्हती. पुढच्याच वर्षी, १९११ साली, कलकत्त्यात मोहन बागानच्या खेळाडूंनी गोऱ्या पलटणीच्या संघाला फुटबॉलमध्ये हरवून ढाल जिंकली. त्याच वर्षी आपल्या पाळवणकर बाळूंनी इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. एका अनाथ पंजाबी मुलाची, कलकत्त्याच्या अनवाणी खेळाडूंची आणि अस्पृश्य म्हणून बाहेर पंगतीला बसवल्या गेलेल्या एका गोलंदाजाची ही कामगिरी एकाच वर्ष-दीड वर्षातली आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बंदुका आणि कायदे ज्यांच्या हाती होते, त्यांच्याच राजधानीत, त्यांच्याच पंचांसमोर, त्यांच्याच नियमांनी गामाने शड्डू ठोकला. गामाच्या लोकप्रियतेचे पहिले कारण हे. तो जिंकला तेव्हा खेड्यातल्या निरक्षर शेतकऱ्यालाही आपली पाठ थोडी ताठ झाल्यासारखे वाटले.

दुसरे कारण त्याच्या सचोटीचे. गामा कुस्ती टाळत नसे. गुजरानवाल्याचा रहीम बक्ष सुलतानीवाला हा जवळजवळ सात फूट उंचीचा मल्ल. त्याच्याशी तरुण गामाच्या पूर्वी झालेल्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या होत्या. लंडनचा पट्टा कमरेला आल्यावर या जुन्या हिशेबाकडे पाठ फिरवली असती, तरी कोणी काही म्हणाले नसते. पण परत आल्यावर अलाहाबादेत गामा पुन्हा त्याच्यापुढे उभा राहिला आणि जिंकून ‘रुस्तम-ए-हिंद’ ठरला. झिबिस्कोचा हिशेब मिटायला तर अठरा वर्षे लागली. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी मुद्दाम मैदान बांधून ही कुस्ती ठरवली. दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. हजारो लोक जमले. दूरवरून आलेल्यांनी बूड टेकायच्या आतच, एका मिनिटाच्या अवधीत, झिबिस्को चितपट! लंडनला अडीच तासांत जे झाले नाही, ते पतियाळात एका मिनिटात झाले. अठरा वर्षे मेहनत सोडली नव्हती, त्याचे हे फळ.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गामा मुसलमान होता; त्याला आश्रय देणारे दतियाचे राजे हिंदू, पतियाळाचे महाराज शीख, आणि ज्या बडोद्यात त्याच्या नावाचा दगड आहे ते मराठ्यांचे राज्य. त्याच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक होते. आपल्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. कोल्हापुरातील कित्येक तालमींत मारुतीही असतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. त्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागचे मैदान बांधले. १९१२ साली ते खुले झाले, तेव्हा तेथे गाजलेली कुस्ती गामाचा भाऊ इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची होती. आणि मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू करणारेही तेच शाहू महाराज, हे आपल्या संस्थेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१९४७ साली फाळणी झाली आणि गामा लाहोरचा झाला. त्या रक्तपाताच्या दिवसांत त्याने आपल्या वस्तीतील हिंदू शेजाऱ्यांना जमावापासून वाचवले आणि सरहद्दीपर्यंत पोचवले, अशी हकिकत सांगितली जाते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला पाडले, त्याला लोक दुसऱ्याला सावरणारा म्हणूनही आठवतात, यापरते मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

परंतु या कहाणीचा शेवट पालकांनी नीट वाचावा. संस्थाने गेली आणि त्यांच्याबरोबर पैलवानांचा आश्रयही गेला. गामाचे अखेरचे दिवस आजारपणात आणि ओढगस्तीत गेले. सीमेपलीकडून त्याला मदत धाडणाऱ्यांत कुस्तीचे शौकीन उद्योगपती घनश्यामदास बिर्ला होते. २३ मे १९६० रोजी लाहोर येथे तो अल्लाला प्यारा झाला. अख्ख्या जगाला ज्याने आव्हान दिले, त्याला म्हातारपणी औषधपाण्यासाठी दुसऱ्याच्या मदतीकडे पाहावे लागले. लोकांचे प्रेम अमाप होते. पण प्रेमाने दवाखान्याचे बिल भागत नाही.

मराठीत आपण आखाड्याला ‘तालीम’ म्हणतो; उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. शब्द एकच, अरबीतला, ‘इल्म’ म्हणजे ज्ञान या शब्दाच्या कुळातला. आपल्या मुलांना दोन्ही तालमी हव्यात. पहिल्या तालमीत अंगमेहनत, वस्तादाचा मान आणि हार पचवण्याची ताकद मिळते. दुसरीत मिळते ती कोणाच्या आश्रयावाचून स्वतःच्या पायावर उभे राहण्याची ताकद. गामाच्या वाट्याला पहिलीच आली, आणि तेवढ्यावर त्याने जग गाजवले. आपल्या मुलांना दुसरीही मिळावी म्हणून तर अशा शिक्षणसंस्था उभ्या आहेत.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, पुन्हा कोणी तुम्हाला थट्टेने ‘आला मोठा गामा’ म्हणाले, तर रागावू नका. बाराशे किलोंचा दगड विसरा. ९५ किलोंचे कडे घालून रोज पहाटे मारलेल्या बैठका आणि अठरा वर्षांनी पुरा केलेला तो हिशेब आठवा. आणि मग आपल्या पुस्तकाकडे, आपल्या मेहनतीकडे वळा.