ओवीतला येशू, अभंगातला येशू

सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. जोगिणींच्या मठात राहून त्या इंग्रजी शिकत होत्या, ख्रिस्ती धर्मग्रंथ वाचत होत्या आणि मठातल्या बायकांशी वादही घालत होत्या. चर्चचे अमुक मत बायबलात कुठे आहे, असे त्या रोखठोक विचारत. गळ्यात घालायच्या क्रॉसवर लॅटिन अक्षरे असावीत असे ठरले तेव्हा त्यांनी नकार दिला. अक्षरे कोरायचीच तर आपल्या संस्कृतातली का नकोत, हा त्यांचा सवाल होता. पुढे १९०७ साली आपल्या श्रद्धेची कहाणी सांगताना या विदुषीने एक विलक्षण कबुली दिली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण ज्याच्यावाचून त्या धर्मात प्राण नाही तो ख्रिस्त आपल्याला भेटला नव्हता, असे त्यांनी लिहिले.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या ख्रिस्ती माणसांचा चारशे वर्षांचा इतिहास या कबुलीच्या प्रकाशात वाचावा असा आहे. धर्म परक्या मुलखातून येतो तेव्हा त्याच्याबरोबर पुष्कळ सामान येते. इमारती येतात, घंटा येतात, परकी भाषा आणि परके सूर येतात, पगारी नोकऱ्या आणि राजसत्तेचा धाकही येतो. या सगळ्या पसाऱ्यात खुद्द येशू कुठे बसतो? चुलीपाशी, शेताच्या बांधावर, संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याला जागा मिळते की नाही? मराठी ख्रिस्ती समाजाने या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा गाण्यातून दिले आहे.

त्याची सुरुवात गोव्यातल्या साष्टीत झाली. इंग्लंडमध्ये जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जेज्वीट पाद्री १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला आणि १६१९ मध्ये मरण पावला तोवर याच मातीत राहिला. तो आला तेव्हा साष्टीतली जखम ताजी होती. पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळे पाडली होती, जुन्या पोथ्या बाळगायला बंदी होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेज्वीट मारले गेले, त्यांची प्रेते परत आणणाऱ्यांत स्टीफन्स होता. ज्या गावांनी हे सारे पाहिले त्यांना प्रेमाचा देव सांगायचा कोणत्या तोंडाने? गोव्यातल्या धर्मांतराचा हा भाग गाळून पुढचे वाचणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

स्टीफन्सने आपल्या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग सांगितला आहे. नवख्रिस्ती माणसे त्याला विचारतात: आमची जुनी पुराणे तुम्ही काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत वाचायला दुसरे काही का देत नाही? प्रश्न साधा, पण वर्मावर बोट ठेवणारा. नेमधर्म, उपवास, कबुलीजबाब हे सगळे पाठ झाले तरी रात्री दिव्याशी बसून ऐकायला गोष्ट हवी. ती काढून घेतली की माणसाचे घर रिकामे होते.

उत्तरादाखल स्टीफन्सने मराठी ओव्यांचे पुराण रचले. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल इथे छापून निघाले. एकूण १०,९६२ ओव्या. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, दुसऱ्यात ५९. सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा पहिल्यात उरकून दुसरे अख्खे पुराण त्याने येशूच्या चरित्राला दिले. हे प्रमाण बोलके आहे. श्रोत्याने तत्त्वे घोकण्याआधी माणूस ओळखावा, त्याचा जन्म, त्याची वणवण, त्याचे दुखणेकऱ्यांना हात लावणे आणि त्याचे मरण डोळ्यांपुढे उभे राहावे, असा त्यामागचा हिशेब दिसतो. स्वर्गाला त्याने बिनदिक्कत वैकुंठ म्हटले. ग्रंथातली मराठी भाषेची स्तुती आज शाळेच्या पुस्तकांमुळे अनेकांना माहीत असते, मात्र ती ज्या कथेच्या उंबऱ्यावर उभी आहे त्या कथेत फार थोडे लोक शिरतात.

हा ग्रंथ देवनागरीत छापला जावा ही त्याची इच्छा होती. १६०८ मधल्या पत्रात त्याने अडचण सांगितली आहे: रोमनला चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, इथल्या जोडाक्षरी लिपीला सहाशेपर्यंत लागतील. म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या गेल्या. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले. सत्तेला येशू पोर्तुगीज बोलणारा हवा होता. तरी पुराण मेले नाही. लोकांनी हाताने नकला केल्या, आणि गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या बरोबर नेल्या. विसाव्या शतकापर्यंत तिकडे या ओव्या गायल्या जात होत्या. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाना यांनी मंगळूरहून जी आवृत्ती काढली ती अशाच हस्तलिखितांच्या आधारे. पहिल्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो गाणाऱ्यांच्या गळ्यामुळे आणि नकलून ठेवणाऱ्यांच्या हातामुळे.

साष्टीहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला यायचे तर दोन शतके आणि एक पंथ ओलांडावा लागतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे मांडले. तिथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. हे प्रॉटेस्टंट लोक मूर्ती आणि समारंभ यांना दूर ठेवणारे, वचनावर भर देणारे. त्यांच्या उपासनेत मराठी शब्द होते, पण चाली पुष्कळदा परक्या. चार-चार ओळींची कडवी, इंग्रजी छंदात कोंबलेले मराठी शब्द, आघात भलत्याच अक्षरावर. हाती पुस्तक नसेल तर गावातल्या माणसाला ते गाता येत नसे, आणि गावातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नगर भागातल्या खेड्यांतून महार-मांग कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. या माणसांकडे पैसा नव्हता, जमीन नव्हती, पण वाद्य होते आणि गळा होता. चोखामेळ्याचे अभंग होते. डफ, टाळ, एकतारी यांच्याशी पिढ्यांची सोयरीक होती. अशा माणसाला बाकावर गप्प बसवून इंग्रजी चालीत स्तोत्र म्हणायला लावणे म्हणजे त्याच्या हातातली सर्वांत मोलाची वस्तू दाराबाहेर ठेवायला सांगणे.

याची जाण नगरच्या मिशनमध्ये लवकर आली हे त्यांचे श्रेय. दुष्काळाच्याही आधी, १८६० च्या दशकात, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले. नमन, पूर्वरंग, उत्तररंग असा नारदीय कीर्तनाचा साचा आणि आख्यान शुभवर्तमानातले. येशूने सांगितलेल्या गोष्टी तर कीर्तनासाठीच घडवल्यासारख्या आहेत. उधळ्या पुत्र घर सोडतो, डुकरे राखतो, परत फिरतो आणि म्हातारा बाप धावत सुटतो. हे आख्यान उत्तररंगात झांजेच्या ठेक्यावर आले की अर्थ समजावून सांगायला वेगळ्या प्रवचनाची गरज उरत नाही. चर्चच्या दारात पाऊल न टाकणारे लोकही पारावर कीर्तन ऐकायला थांबत. ख्रिस्ती माणसाला घरी परतताना गुणगुणायला पद मिळे. आठवडाभर ते पद त्याच्याबरोबर राही, आणि त्या पदात येशू असे.

या वाटेचा राजमार्ग केला नारायण वामन टिळकांनी. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कवी, संस्कृतज्ञ, वक्ते, आणि देवाच्या शोधात घर सोडून भटकणारे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते पोहोचले आणि तिथून त्यांचा पाय निघेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांना पंथाने ओढले नाही, पाद्र्याच्या युक्तिवादाने तर नाहीच. एका माणसाच्या बोलण्याने त्यांना धरून ठेवले.

नगरला आल्यावर त्यांनी जे पाहिले त्याने ते अस्वस्थ झाले. ख्रिस्ती मंडळी मिशनच्या पगारावर, मिशनच्या आज्ञेवर, मिशनच्या चालीवर जगत होती. पाळकाचा पोशाख परका, देऊळ परके, आणि बघणाऱ्याला येशूही साहेबांचाच कुणी वाटावा अशी परिस्थिती. टिळकांनी यावर अभंगाचा उपाय केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघड सांगत. वारकऱ्याचा विठोबाशी जो लडिवाळ, भांडखोर, सलगीचा संबंध असतो तोच त्यांनी येशूशी जोडला. त्यांच्या गीतांत येशू कधी आई होतो, कधी सद्गुरू, कधी सखा. मराठी चर्चमधल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात या गीतांचा फार मोठा वाटा आहे. निकोल मॅक्निकोल यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी त्यांतली काही इंग्रजीत नेली. ज्यांनी चाली आणल्या होत्या त्यांच्याच देशांत उलट दिशेने गाणी गेली.

टिळक तेवढ्यावर थांबले नाहीत. १९०४ मध्ये पाळक म्हणून दीक्षा, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन, असा मानाचा संसार चालू असताना १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्याची कल्पना आजही धाडसी वाटते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही या दरबारात जागा होती. अट एकच: येशूचे शिष्यत्व. कोणत्या पंथाच्या वहीत नाव आहे, कोणाचा पगार घेता, हे विचारायचे नाही. चर्चच्या शिस्तीत वाढलेल्या अनेकांना हे पटले नाही. बाप्तिस्म्याला बगल दिली तर मंडळी उरेल कशी, ही त्यांची शंका खोटी म्हणता येणार नाही. पण टिळकांना वेगळीच भीती होती. मंडळी उरेल आणि येशूच मागच्या दाराने निघून जाईल, ही ती भीती. त्यांचे आयुष्य मात्र पुरले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या जे. सी. विन्स्लो यांनी १९२० च्या दशकात ख्रिस्त सेवा संघ सुरू केला, त्यात भारतीय वळणाच्या साध्या ख्रिस्ती जीवनाचा हाच ध्यास पुढे दिसतो.

इकडे केडगावला रमाबाई त्याच ध्यासाने दुसऱ्या दिशेने चालल्या होत्या. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका त्यांच्या मुक्तिसदनात होत्या. त्यांना बायबल वाचायला द्यावे तर प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर. रमाबाईंना ते कळत होते, पण त्यांच्या बायकांना कळत नव्हते. म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सोप्या मराठीत अख्खे बायबल त्यांनी एकटीने उतरवले. स्टीफन्स आणि टिळक जिथे जुने, ओळखीचे शब्द हौसेने वापरत, तिथे रमाबाईंनी हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द मुद्दाम टाळले. वाटा परस्परविरोधी दिसतात. तरी खेड्यातल्या अडाणी बाईला येशूचे बोलणे मधल्या माणसाशिवाय ऐकू यावे, ही तळमळ एकच आहे. एका संस्कृत पंडितेने आयुष्याच्या अखेरीस संस्कृत शब्द एकेक करून खाली ठेवले, याहून मोठा त्याग विद्वानाला कोणता करता येईल? एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा काम पुरे झाले होते. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून ते छापले गेले आणि १९२४ मध्ये बाहेर आले.

टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे ओवीबद्ध चरित्र त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिले. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला म्हणून ज्यांच्यावर आकाश कोसळले, ज्यांनी सोवळेओवळे जिवापाड सांभाळले आणि मग एकेक पदर सोडत स्वतःच्या पावलांनी त्या श्रद्धेपर्यंत आल्या, त्या लक्ष्मीबाईंनी. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला त्यांचे बदलणे आठवत असेल: कुणाच्याही हातचे पाणी प्यायचे, कुणाचेही पोर पोटाशी धरायचे. शाळेचे शिक्षण नसलेल्या या बाईने ओव्यांवर ओव्या रचत ‘ख्रिस्तायना’त चौसष्ट अध्यायांची भर घातली. १९३६ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही गाणी छापील ग्रंथांपुरती नव्हती. नगर, जालना, सोलापूर, पुणे, वसई इथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत कुणाच्या आजीच्या पेटीत हाताने लिहिलेली पदांची वही असेल, कुणाच्या पणजोबांचे कीर्तनाचे आख्यान असेल, कुणा म्हाताऱ्याला एखादी चाल अजून तोंडपाठ असेल. ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तीन छापील आवृत्त्या अशाच बघता बघता नाहीशा झाल्या. ज्यांच्या घरी अशी वही आहे त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नये, आणि ज्यांना चाल येते त्यांच्याकडून ती या वर्षीच ध्वनिमुद्रित करून घ्यावी.